क्रमांकासाठी पळताना

जुलै २०२२ मध्ये अमेरिकेतल्या युजीन शहरात जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतली ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायची, अंतिम शर्यत झाली. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे त्यात पळाला. सहा आठवड्यांपूर्वीच त्याने रबातमध्ये ८ मिनिटे १२.४८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला होता. युजीनला सुवर्णपदक गेलं ते ८:२५.१३ या वेळेला, म्हणजे साबळेच्या विक्रमाहून साडेबारा सेकंदांनी हळू. आणि साबळे आला अकरावा. वेळ ८:३१.७५.

भरतीची तयारी करणाऱ्या आणि जिल्हा-राज्य स्पर्धांत उतरणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने हे आकडे वहीत लिहून ठेवावेत. ज्याच्या पायात वेळ आहे तो मागे का पडला? कारण त्या दिवशी पुढे होऊन वेग धरायला कुणी तयारच नव्हतं. सगळा घोळका एकमेकांवर नजर ठेवत जपून पळत राहिला आणि शेवटी एकदम सुटला. सुवर्ण जिंकलेला मोरोक्कोचा सुफियान अल बक्काली अशा अचानक वेगबदलात तरबेज आहे. साबळेची ताकद वेगळी होती: मोठा वेग एकसारखा धरून ठेवायचा आणि बाकीच्यांना दमवायचं. संथ शर्यतीत ती ताकद वापरायला वावच मिळाला नाही.

त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, ६ ऑगस्टला, बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत तोच साबळे पळाला. इथे केनियाच्या धावपटूंनी सुरुवातीपासून वेग ठेवला आणि साबळे त्यांना चिकटून राहिला. १९९८ ते २०१८ या काळातल्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत स्टीपलचेसची तिन्ही पदकं केनियाने नेली होती. साबळेने ८:११.२० अशी वेळ देत रौप्यपदक घेतलं आणि ती साखळी तोडली. अब्राहम किबिवोटचं सुवर्ण होतं ८:११.१५ चं. पाच शतांश सेकंद म्हणजे त्या वेगाला जेमतेम फूटभर अंतर.

माणूस तोच, तयारी तीच, मध्ये तीन आठवडेसुद्धा गेलेले नाहीत. फरक शर्यतीच्या जातीचा होता. मोठ्या स्पर्धेत घड्याळ कुणाला पदक देत नाही, क्रमांक देतो. आणि क्रमांकासाठी पळणं ही वेगळी शिकायची गोष्ट आहे. बजाजनगर, रांजणगाव, पंढरपूर या आपल्या वाळूज पट्ट्यात पळणारी मुलं मेहनतीला कुठेच कमी नाहीत. पण त्यांच्या सरावात ही गोष्ट जवळजवळ नसते, आणि ती असायला हवी असं मला फार मनापासून वाटतं.

आधी शर्यतीची जात ओळखा

पोलीस भरतीचं ग्राउंड ही घड्याळाची शर्यत आहे. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोन्हीला २० गुण. मुलांनी ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत संपवलं की पूर्ण गुण. तिथे शेजारचा कितवा आला याच्याशी तुमचा काही संबंध नाही. ४०० मीटरचा एक राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांत, असे चार सारखे राउंड मारले की काम झालं. तरीही दर भरतीला चित्र तेच दिसतं. शिट्टी झाली की घोळका उधळतो, पहिला राउंड सत्तरच्या आत जातो, तिसऱ्या राउंडला पाय भरून येतात आणि हातातले गुण जातात. या शर्यतीत पुढच्याच्या पाठीकडे बघू नका. आपला राउंड आपण मोजायचा.

जिल्हा अजिंक्यपद, आंतरविद्यापीठ, राज्य क्रॉसकंट्री या क्रमांकाच्या शर्यती. इथे पाच सेकंद हळू पळून पहिला येणारा जिंकतो आणि आपली सर्वोत्तम वेळ देऊन चौथा येणारा रिकाम्या हाताने परततो. जो एकाच पद्धतीचा सराव करतो, त्याला यातली एकच शर्यत जमते.

क्रमांकाच्या शर्यतीत उतरण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारायचा तो असा: प्राथमिक फेरीतून किती जण पुढे जाणार, आणि कशाच्या आधारावर? हे न विचारता पळणारी मुलं मी बघतो तेव्हा वाईट वाटतं. साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबरने २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्राथमिक फेरीत ९:१९.७६ असा राष्ट्रीय विक्रम केला आणि त्या वेळेच्या जोरावर अंतिम फेरी गाठली. तिथे ती दहावी आली. त्या काळी हीटमध्ये थेट जागा हुकली, तरी चांगल्या वेळेवर आत जाता येत असे. २०२३ च्या बुडापेस्ट जागतिक स्पर्धेपासून लांब पल्ल्याच्या शर्यतींत तो दरवाजा बंद झाला. स्टीपलचेसच्या प्रत्येक हीटमधून फक्त पहिले पाच पुढे. साबळे तिथे ८:२२.२४ वेळेत सातवा आला आणि बाहेर पडला. वर्षभराने पॅरिस ऑलिंपिकला त्याने तो नियम ध्यानात ठेवून शर्यत मांडली. सुरुवातीला पुढे राहिला, मग गटात स्थिरावला, पाचवी जागा पक्की झाल्यावर जास्तीचा जोर लावला नाही. ८:१५.४३, पाचवा, अंतिम फेरीत. या शर्यतीच्या ऑलिंपिक अंतिम फेरीत पोचलेला तो पहिला भारतीय पुरुष.

जिल्ह्याच्या स्पर्धेतही हेच करा. सकाळी हीट आणि संध्याकाळी फायनल असेल, तर हीटमध्ये पहिलं येण्याची हौस महागात पडते. पात्र होण्यापुरतं पळायचं आणि उरलेलं संध्याकाळसाठी ठेवायचं. एकच सावधगिरी: पाच जण घेणार असतील तर पाचव्या जागेवर निवांत राहू नका. तिसऱ्या-चौथ्या जागेवर राहा, म्हणजे मागून एखादा सुटला तरी तुम्ही आत असता.

जागा

गटात पळताना कुठे राहायचं, हा वेगाइतकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचा साधा हिशेब करता येतो. ट्रॅकवर एक लेन १.२२ मीटर रुंद असते. पूर्ण राउंड एक लेन बाहेरून मारला तर वळणांवर मिळून सुमारे ७.७ मीटर जास्त पळावं लागतं. ५००० मीटरच्या साडेबारा राउंडमध्ये ते जवळपास ९६ मीटर होतात. शर्यतभर बाहेरून पळणारा शेवटी 'दम कमी पडला' म्हणतो, पण खरं तर तो जवळपास पाव राउंड जास्त पळालेला असतो.

मग आतल्या कडेला चिकटून राहावं का? तिथे दुसरा धोका आहे. पुढे एक, बाजूला एक, मागे एक, आणि नेमका त्याच क्षणी पुढचा गट सुटतो. तुम्ही कोंडलेले. म्हणून पुढच्याच्या थेट मागे न राहता त्याच्या उजव्या खांद्याच्या किंचित बाहेर राहावं. वळणावर आत सरकावं, सरळ पट्ट्यावर अर्धं पाऊल बाहेर यावं. ओव्हरटेक शक्यतो सरळ पट्ट्यावरच करावा. शेवटच्या दोन राउंडला मात्र गटात पहिल्या तिघा-चौघांत असलंच पाहिजे, मग त्यासाठी थोडं बाहेरून पळावं लागलं तरी चालेल.

घोळक्यात कुणीतरी पडतं, धक्का लागतो. २०१९ च्या दोहा जागतिक स्पर्धेत साबळेला हीटमध्ये दुसऱ्या धावपटूच्या पडण्यामुळे अडथळा झाला. भारतीय संघाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्याला अंतिम फेरीत जागा मिळाली. शाळा-कॉलेजच्या मुलांना अशी दाद मागता येते हेच अनेकदा माहीत नसतं. अडथळा झाला तर शर्यत सोडू नका, पूर्ण करा, आणि संघ व्यवस्थापकाला लगेच सांगा. दाद मागायची वेळ मर्यादित असते.

बर्फावरची शाळा

डावपेच सर्वांत उघडपणे कुठे दिसत असतील तर ते क्रॉसकंट्री स्कीइंगमध्ये. उतारावरून सुसाट खाली येण्याचा हा खेळ नव्हे. पायात लांब, अरुंद स्की, हातात काठ्या, आणि बर्फावरून १०, २०, ५० किलोमीटर चढ-उतार पार करायचे. काही शर्यतींत खेळाडू एकेक करून सुटतात, ती घड्याळाची शर्यत. काहींत सगळे एकदम सुटतात, ती क्रमांकाची. म्हणजे आपल्या भरतीचं ग्राउंड आणि जिल्ह्याची फायनल, दोन्ही एकाच खेळात. हिवाळ्यात या शर्यती मोबाइलवर बघायला मिळतात. लांब पल्ल्याच्या धावपटूने त्या जरूर बघाव्यात.

तिथे पहिली गोष्ट दिसते ती पुढच्याच्या आडोशाची. स्कीवर वेग धावण्याहून बराच जास्त असल्याने वाऱ्याचा अडथळा मोठा. पुढे जाणारा वारा कापतो, मागचा शक्ती वाचवतो आणि उतारावर तर आयताच जवळ येतो. नॉर्वेचा योहानेस क्लेबो या बाबतीत आजचा सर्वांत अभ्यासण्यासारखा खेळाडू. २०२५ च्या ट्रोंडहाइम जागतिक स्पर्धेत त्याने सहापैकी सहा सुवर्णपदकं घेतली. तो शर्यतीचा मोठा भाग गटात गुपचूप काढतो आणि शेवटच्या चढावर पाय झपाझप टाकत सुटतो. त्याच देशाची तेरेसे योहाग अगदी उलट. तिच्याकडे शेवटच्या शंभर मीटरचा स्फोट नव्हता, म्हणून ती लवकर पुढे निघायची आणि बाकीच्यांना एकेक करून सोडत जायची. दोघांची पद्धत बरोबर, कारण दोघांनी ती आपल्या पायांकडे बघून ठरवली. २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत साबळेने योहागसारखीच शर्यत केली. आपला वेग धरेल असं कुणी नाही हे ओळखून तो सुरुवातीलाच निघाला आणि ८:१९.५० वेळेत सुवर्ण घेतलं. दुसरा आलेला जपानचा आओकी चार सेकंदांहून मागे होता.

दुसरी गोष्ट चढाची. नवखा खेळाडू चढावर जोर लावतो आणि माथ्यावर पोचला की सुस्कारा टाकतो. जाणते स्कीपटू चढ नेमक्या जोराने चढतात आणि माथा ओलांडताना वेग वाढवतात. बाकीचे श्वास घेत असतात तेवढ्यात दहा-पंधरा मीटरची फट पडते आणि उतारावर ती आणखी रुंदावते. डोंगराळ क्रॉसकंट्रीत किंवा चढाच्या अर्धमॅरेथॉनमध्ये ही युक्ती जशीच्या तशी लागू पडते.

तिसरी, पडण्याची. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमध्ये ३० किलोमीटरच्या शर्यतीत नॉर्वेचा सिमेन क्रुगर सुरुवातीलाच पडला, त्याची काठी मोडली, आणि तो सगळ्यांच्या मागे गेला. त्याने एका दमात पाठलाग केला नाही. अंतर थोडं थोडं भरून काढलं, पुढचा गट गाठला, आणि शेवटी एकटा निघून सुवर्ण जिंकलं. आपल्याकडे मुलगा पडला की उठून पुढचे दोनशे मीटर जीव तोडून पळतो आणि तिथेच संपतो. १६०० मीटरमध्ये फार वेळ नसतो हे खरं, पण ५ किंवा १० किलोमीटरमध्ये गेलेले पाच सेकंद दोन-तीन राउंडमध्ये वाटून परत मिळवता येतात.

आणि चौथी, साधनांची. स्कीच्या तळाला लावायचं मेण बर्फाच्या तापमानानुसार बदलावं लागतं. काही शर्यतींत पायाखालच्या भागाला पकड देणारं मेण आणि पुढे-मागे घसरण देणारं, अशी दोन वेगळी मेणं एकाच स्कीला असतात. अंदाज चुकला की चढावर पाय मागे घसरतो किंवा बर्फ तळाला चिकटतो. २०१४ च्या सोची ऑलिंपिकमध्ये नॉर्वेच्या संघांना हा फटका बसला. रिलेत त्यांच्या महिला पाचव्या आणि पुरुष चौथे आले, आणि त्यांच्या घसरत्या-अडकत्या स्कीची चर्चा देशभर झाली. पाणी अजिबात न धरणारं फ्लोरीनयुक्त मेण तर आंतरराष्ट्रीय स्की संघटनेने २०२३-२४ च्या हंगामापासून पर्यावरणाच्या आणि आरोग्याच्या कारणाने बंदच केलं.

आपल्याला मेण लावायचं नाही, पण बूट आणि स्पाइक निवडायचे आहेत. सिंथेटिक ट्रॅकवर साधारण ६ मिलिमीटरचे खिळे पुरतात. पावसानंतरच्या काळ्या मातीत ते काहीच धरत नाहीत, तिथे लांब हवेत. म्हणून क्रॉसकंट्रीच्या आदल्या दिवशी मार्ग चालून बघा. चिखल कुठे, वळण कुठे अरुंद, शेवटचे तीनशे मीटर चढाचे की सपाट, हे डोळ्यांनी बघून ठेवा. नवे बूट शर्यतीच्या दिवशी प्रथम घालू नयेत, हे सांगूनही मुलं घालतात.

कधी सुटायचं

पॅरिस ऑलिंपिकच्या स्टीपलचेस फायनलमध्ये अमेरिकेचा केनेथ रुक्स शेवटच्या राउंडच्या घंटेच्या सुमारास मागून थेट सगळ्यांच्या पुढे गेला. पदकाच्या यादीत त्याचं नाव फारसं कुणी धरलं नव्हतं. अल बक्कालीने त्याला शेवटी गाठलं, पण रुक्सने ८:०६.४१ वेळेत रौप्य घेतलं. थेट शेवटच्या शंभर मीटरला शर्यत आणली असती तर त्याला ते जमलं नसतं असं मला वाटतं. त्याने आपल्यापेक्षा वेगवान माणसांना विचार करायला वेळ दिला नाही. याउलट २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या क्रॉसकंट्री स्कीइंगच्या सांघिक स्प्रिंटमध्ये अमेरिकेची जेसी डिगिन्स शेवटच्या वळणापर्यंत स्वीडनच्या स्टिना निल्सनच्या मागे राहिली आणि अखेरच्या काही मीटरमध्ये पुढे आली. ते अमेरिकेचं क्रॉसकंट्री स्कीइंगमधलं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

तुम्ही कोणत्या जातीचे, ते सरावात तपासा. १२०० मीटर शर्यतीच्या वेगाने पळून लगेच २०० मीटर सर्व ताकदीने पळा आणि वेळ घ्या. गटातल्या इतरांपेक्षा तुमचे ते २०० मीटर वेगवान असतील तर थांबा, शेवटच्या दीडशे-दोनशे मीटरला सुटा. हळू असतील तर ६०० किंवा ५०० मीटर बाकी असतानाच निघा आणि मागे वळून बघू नका. सर्वांत वाईट काय, तर अर्धवट निघणं: थोडा वेग वाढवायचा, मग कुणी येतंय का ते बघायचं, मग पुन्हा गटात शिरायचं. त्यात शक्ती जाते आणि बाकीचे सावध होतात. निघायचं तर पहिल्या वीस-तीस मीटरमध्येच फट पडली पाहिजे.

शेवटच्या सरळ पट्ट्यावर कुणाच्या वाटेत आडवं जाऊ नका. २०२१ च्या ओबरस्टडॉर्फ जागतिक स्पर्धेत ५० किलोमीटर संपवून क्लेबो पहिला आला. पण अखेरच्या टप्प्यात रशियाच्या बोल्शुनोव्हशी झालेल्या झटापटीत बोल्शुनोव्हची काठी मोडली होती. पंचांनी क्लेबोला बाद केलं आणि सुवर्ण त्याच्याच संघातल्या एमिल इवेर्सनला गेलं.

वाळूजमध्ये सराव कसा बसवायचा

एकट्याने रोज दहा किलोमीटर एकाच चालीने पळून यातलं काही येत नाही. आठवड्यातला एक दिवस पाच-सहा जणांनी एकत्र यावं. पहिला प्रकार शिट्टीचा: सगळ्यांनी मध्यम चालीने ५ किलोमीटर पळायचं, आणि बाजूला उभा असलेला माणूस मनाला येईल तेव्हा शिट्टी वाजवेल. शिट्टी झाली की कुणीतरी एक सुटतो, बाकीच्यांनी दीडशे मीटर त्याला धरायचं आणि परत आधीच्या चालीवर यायचं. अशा सात-आठ शिट्ट्या. धाप लागलेली असताना पुन्हा मूळ चाल पकडणं हाच यातला खरा अभ्यास. दुसरा प्रकार: १६०० मीटरचे तीन तुकडे, प्रत्येकातले शेवटचे ४०० मीटर सर्वांत जोरात, मध्ये चार मिनिटं चालणं. तिसरा चढाचा: तीसगावकडे खवड्या डोंगराच्या अंगाने किंवा शरणापूरवरून दौलताबादकडे जाताना जो चढ मिळेल तिथे २०० मीटर चढून, माथ्यावर न थांबता पुढचे ८० मीटर वेगाने. सहा वेळा पुरे. हे तिन्ही एकाच आठवड्यात कोंबू नका. दोन कष्टाच्या सरावांमध्ये किमान दोन दिवस जाऊ द्या.

इथल्या मुलांची मोठी अडचण कंपनीतल्या पाळीची. तिसरी पाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाने तसंच मैदानावर जाऊन वेगाचा सराव करू नये. शरीर झोपेत सावरतं, आणि ती झोप झालेली नसते. त्या आठवड्यात हलकं पळा, शिट्टीचा आणि तुकड्यांचा सराव पहिल्या पाळीच्या आठवड्यात किंवा सुट्टीच्या दिवशी ठेवा. एमआयडीसीच्या रस्त्यांवर कंटेनर आणि कंपन्यांच्या बस पहाटेपासून असतात. समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून, चकाकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट घालून पळा, आणि पाळी सुटण्याची वेळ टाळा. मुलींनी गटाने यावं आणि अ‍ॅकॅडमीवाल्यांनी त्यांच्यासाठी तसे गट आवर्जून करावेत. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा वेगाचा सराव सूर्य वर येण्याआधी संपला पाहिजे, आणि ज्या दिवशी ते जमणार नाही त्या दिवशी तो सोडून द्यायचा.

एक गोष्ट सैन्यात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी. साबळे बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला, आणि सैन्यातल्याच क्रॉसकंट्री शर्यतींतून धावपटू झाला. भारतात बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये लष्कर आणि इंडो-तिबेटियन सीमा पोलीस हेच प्रमुख संघ आहेत आणि गुलमर्गला सैन्याची प्रशिक्षण शाळा आहे. बर्फ न पाहिलेल्या भागातून तिथे पोचता येतं हे कर्नाटकातल्या कोडगूच्या भवानी नंजुंडाने दाखवलं. खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांत तिने सुवर्णपदकं घेतली आणि २०२५ मध्ये चिलीत ५ किलोमीटरच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत कांस्य मिळवलं. मैदानी धावण्यात दम आणि डोकं दोन्ही कमावलेल्या मुलाने भरतीनंतर आपल्या युनिटमध्ये या खेळाची चौकशी जरूर करावी. स्की शिकवता येतात, पण फुप्फुसं आणि शर्यतीची समज घरूनच न्यावी लागते.

शर्यत झाली की त्याच दिवशी वहीत चार ओळी लिहा: कोण कुठे सुटला, तेव्हा तुम्ही कितव्या जागेवर होता, शेवटचा राउंड किती सेकंदांचा, आणि पुन्हा पळायला मिळालं तर कुठून निघाल. जिल्ह्यात तेच दहा-पंधरा धावपटू वर्षभर समोर येतात. पुढच्या वेळी कोण कधी सुटतो हे तुम्हाला आधीच माहीत असेल.